एक ॲप, एक सर्व्हर आणि डॉकर: आमच्या खटाटोपाचा हिशोब

डॉकर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधून चालवायचं साधन, आणि ते आम्हाला हवं होतं का याचा हा हिशोब. तर प्रकरण असं आहे. एक वेब ॲप, जँगोत (पायथनची वेब फ्रेमवर्क) लिहिलेलं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, मागच्या मागे चालणाऱ्या कामांसाठी सेलरी आणि त्या कामांची रांग ठेवणारं रेडिस, पुढे लोकांच्या रिक्वेस्ट घेणारं एनजिनएक्स, आणि हे सगळं ४ जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर. टीम तिघांची: मी, एक बॅकएंडवाली, एक फ्रंटएंडवाला. लोक फॉर्म भरतात, त्यातून पीडीएफ रिपोर्ट बनतात, ते मेलने जातात, बस. डिप्लॉय (नवीन कोड सर्व्हरवर चढवणं) म्हणजे एसएसएच करून सर्व्हरच्या आत शिरायचं, गिट पुलने कोड आणायचा, पिप इन्स्टॉलने पायथनची पॅकेजेस, मायग्रेशनने डेटाबेसची रचना बदलायची, शेवटी ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नला हप सिग्नल, की नवीन कोड घे. तीन वर्षं हेच चाललं आणि खरं सांगायचं तर बरं चाललं.

मग आम्ही सर्व्हरवरची लिनक्स, म्हणजे उबंटू, २०.०४ वरून २२.०४ वर जायचं ठरवलं. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपणार होता, म्हटलं वेळ आहे तोवर उरकून टाकू. रात्री अपग्रेड लावलं, सर्व्हर रिबूट झाला, एनजिनएक्स उठलं, पोस्टग्रेस उठलं आणि ॲप म्हणतंय जँगो नावाचं मॉड्यूलच सापडत नाही. कारण कळल्यावर एकदम साधं वाटतं, पण रात्री दीड वाजता ते कळायला पाऊण तास गेला. २०.०४ सोबत पायथन ३.८ येतं, २२.०४ सोबत ३.१०, आणि आमच्या व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंटमधलं (ॲपची पॅकेजेस वेगळी ठेवायचं फोल्डर) पायथन म्हणजे सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक. बोट तिथेच राहिलं, समोरचा माणूस बदलला. नवीन पायथन आपली पॅकेजेस ३.१० च्या फोल्डरमध्ये शोधतंय आणि ती सगळी पडलीयेत ३.८ च्या फोल्डरमध्ये. बरं, नवीन एन्व्हायर्नमेंट बनवायला गेलो तर दोन जुन्या पॅकेजेसना ३.१० चालेना, मग त्यांची व्हर्जन्स वाढवा, मग त्यामुळे आणखी एक तुटलं. पहाटे साडेचारला ॲप वर आलं.

सकाळी उठलो तर मेल, की रिपोर्टमधून पानांचे नंबर आणि वरचं हेडर गायब. ही दुसरी गंमत. पीडीएफ बनवायला आम्ही डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ वापरायचो. त्याचं डिस्ट्रोच्या (आमच्याकडे उबंटूच्या) रेपॉझिटरीतलं पॅकेज मूळ क्यूटी लायब्ररीवर बांधलेलं असतं, त्यात हेडर-फूटर चालत नाही. ते हवं असेल तर प्रोजेक्टने स्वतः पॅच केलेल्या क्यूटीवर बांधलेलं पॅकेज हाताने टाकावं लागतं. कधीकाळी कोणीतरी (बहुतेक मीच) ते टाकलेलं होतं, कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि अपग्रेडच्या गडबडीत ते जाऊन साधं पॅकेज बसलं. प्रोजेक्ट २०२३ पासून अर्काइव्ह, म्हणजे बंद, आहे हा त्यावर कळस.

मीटिंगमध्ये फ्रंटएंडवाल्याचं पहिलं वाक्य: "अरे, डॉकर असतं तर हे झालंच नसतं." बॅकएंडवालीचं लगेच पुढे: "डॉकर असतं तर दुसरं काहीतरी झालं असतं." दोघंही बरोबर निघाले, ते पुढे येईलच.

मला ही चर्चा कोणाला काय आवडतं यावर सोडायची नव्हती. म्हणून आम्ही एक सोपं काम केलं, मागच्या वर्षभरात डिप्लॉय किंवा सर्व्हरमुळे जे जे बिघडलं ते चॅटमधून उकरून वहीत लिहिलं आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, हे कंटेनरने टळलं असतं का? नऊ गोष्टी निघाल्या. पायथनचा गोंधळ आणि पीडीएफचा गोंधळ, दोन्ही टळले असते, वादच नाही. एकदा नवीन पॅकेजला हवी असलेली सिस्टिम लायब्ररी लॅपटॉपवर होती पण सर्व्हरवर नव्हती, हेही टळलं असतं. एकदा पिप इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं आणि ॲप धड जुनं ना धड नवीन अशा अवस्थेत वीस मिनिटं लटकलं, हे टळलं असतं, पण त्यासाठी कंटेनरच पाहिजे असं नाही, प्रत्येक रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून सिमलिंक फिरवली तरी टळतं, लोक हे डॉकरच्या आधीपासून करत आलेत. उरलेल्या पाचचा कंटेनरशी काडीचा संबंध नव्हता: मोठ्या टेबलवर लॉक घेणारं मायग्रेशन, संपलेलं सर्टिफिकेट, भरलेली डिस्क, चुकीच्या ब्रँचवरून झालेला डिप्लॉय, आणि सेलरीने सगळी मेमरी खाल्ली तो दिवस.

म्हणजे नऊपैकी तीन ठिकाणी खरोखर कंटेनरच हवा होता, एका ठिकाणी शिस्त पुरली असती. हा आकडा बघून माझं मत होतं की नकोच. बॅकएंडवालीने मात्र एक मुद्दा काढला जो मला आजही पटतो. ती म्हणाली, संख्या बघू नकोस, वेळ बघ, त्या तीन गोष्टींनी जेवढी रात्र खाल्ली तेवढी उरलेल्या सहांनी मिळूनही खाल्ली नाही. आणि तिन्हींचं मूळ एकच: आपल्या ॲपचा अर्धा भाग आपल्या गिटमध्ये नाहीये, तो त्या सर्व्हरच्या पोटात आहे आणि तिथे काय आहे हे कोणालाच माहीत नाही.

मेमरीवाल्या घटनेवर थोडं थांबतो, कारण तिथे एक गैरसमज होता. फ्रंटएंडवाल्याचं म्हणणं, कंटेनरला मेमरी लिमिट लावता येते, म्हणजे तीही टळली असती. बरोबर, पण ती लिमिट लावणारं यंत्र लिनक्स कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) सीग्रुप्स आहे, जे जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ कर्नलसोबत आलं. डॉकर लोकांसमोर आलं ते मार्च २०१३ मध्ये. आणि आमच्या सर्व्हरवर सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू-बंद करणारं) आधीपासून तेच सीग्रुप्स वापरतंय, त्या सर्व्हिसच्या सेटिंगच्या युनिट फाइलमध्ये मेमरीमॅक्सची एक ओळ टाकली की काम झालं. तसंच खाजगी टेम्प फोल्डर, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती, वेगळा युजर, हे सगळं सिस्टिमडी देतं. वेगळं ठेवणं ही कल्पना तर त्याहून म्हातारी, सीएचरूट १९७९ च्या युनिक्समधलं, फ्रीबीएसडीची जेल २००० ची. डॉकरने खरं नवीन काय दिलं तर ती इमेज, म्हणजे ॲप आणि त्याच्या खालची सगळी युजरलँड (कर्नल सोडून बाकीच्या लायब्ररी आणि प्रोग्राम) एका गाठोड्यात बांधून, नाव देऊन, इकडून तिकडे नेण्याची सोय. म्हणून "आम्हाला आयसोलेशन हवंय म्हणून डॉकर" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, सिस्टिमडीच्या त्या चार ओळी टाकून बघितल्यास का? बहुतेकांनी टाकलेल्या नसतात.

शेवटी ठरलं की करू. दोन आठवडे धरले होते, साडेतीन लागले.

पहिला डॉकरफाइल (इमेज कशी बांधायची याची कृती) अर्ध्या दिवसात झाला आणि तिथेच आपण जिंकलो असं वाटलं. मी हुशारी करून अल्पाइन या चिमुकल्या लिनक्सवर बांधला, छोटी इमेज, सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. अल्पाइनमध्ये ग्लिबसी (बहुतेक लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नसतं, त्याजागी मसल असतं, आणि आमच्या जुन्या पॅकेजेसची ग्लिबसीसाठी आधीच बांधलेली व्हील्स (तयार पॅकेजेस) तिथे चालेनात, मग पिप सगळं कंपाइल करत बसलं. मिनिटभरात होणारा बिल्ड पंधरा मिनिटांवर गेला. डेबियनच्या स्लिम इमेजवर आलो, शंभरेक एमबी जास्त गेले, डोकेदुखी संपली. वाचलेल्या एमबीचं आम्ही करणार काय होतो हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता.

मग सर्व्हरवर पहिल्यांदा इमेज नेली तर एका ओळीत एक्झेक फॉरमॅट एरर. बॅकएंडवालीचा लॅपटॉप ॲपलच्या एम१ चिपचा, तिथे बांधलेली इमेज एआरएम प्रोसेसरची, आणि सर्व्हर एएमडी६४, म्हणजे वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचा. "माझ्या मशीनवर चालतंय" हा आजार घालवायला आणलेलं औषध, आणि पहिल्याच दिवशी तोच आजार. दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी लॅपटॉपवर बिल्ड करता येतो पण तो इम्युलेशनमधून जातो, रडतखडत होतो. म्हणून बिल्ड सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) हलवला. म्हणजे आता सीआय सांभाळा, इमेज ठेवायची रजिस्ट्री सांभाळा, तिचा टोकन सांभाळा.

रेडिसचं प्रकरण सगळ्यात भयंकर होतं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं डॉकरचं साधन) फाइलमध्ये मी रेडिसचा पोर्ट ६३७९ असाच उघडा पब्लिश केला, डीबग करायला सोपं जावं म्हणून. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू, बाहेरून फक्त २२, ८० आणि ४४३, त्यामुळे मी निर्धास्त. पण डॉकर पब्लिश केलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांत) स्वतःचे नियम घालतं आणि ते पॅकेट यूएफडब्ल्यू जिथे पहारा देतं त्या दारातून जातच नाही, फॉरवर्डच्या वाटेने आत जातं. वर रेडिसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसेल तर बाहेरच्यांना अडवणारा) मुद्दाम बंद ठेवलेला असतो, बाकीच्या कंटेनरना बोलता यावं म्हणून. म्हणजे पासवर्ड नसलेलं रेडिस, सगळ्या जगाला उघडं, आणि यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघावं तर सगळं आलबेल. दोन दिवसांनी बाहेरून पोर्ट स्कॅन केला तेव्हा कळलं. नशीब की कोणी पोचलं नव्हतं. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहिलं की संपतं, किंवा पब्लिशच करू नका, कंटेनर आपापसात आतल्या नेटवर्कवर बोलतातच. पण हे आधी माहीत पाहिजे ना. जुन्या पद्धतीत असं दार माझ्या नकळत उघडलं नसतं.

त्यानंतर डाउनटाइम. इथे मी खरंच चिडलो होतो. पूर्वी गनिकॉर्नला हप दिला की जुने वर्कर हातातलं काम संपवून जायचे, नवीन यायचे, युजरला काही कळायचं नाही. कंपोज नवीन इमेजवर आणताना आधी जुना कंटेनर थांबवतं मग नवीन उभा करतं, मध्ये सहा-सात सेकंद ५०२ एरर. त्यात एनजिनएक्सही आम्ही कंटेनरमध्ये घातलं होतं, आणि ते अपस्ट्रीमचं (मागच्या ॲपचं) नाव सुरू होतानाच एकदा आयपीमध्ये सोडवून घेतं आणि तेच धरून बसतं. ॲपचा कंटेनर नव्याने आला, त्याला दुसरा आयपी मिळाला, एनजिनएक्स जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसलं. रीलोड करेपर्यंत साइट बंद. म्हणजे जे आधी फुकटात मिळत होतं ते परत मिळवायला आता स्क्रिप्ट लिहायची. एनजिनएक्स परत बाहेर काढलं, होस्टवर, ॲपचे दोन कंटेनर दोन पोर्टवर, नवीन उभा राहिला आणि हेल्थ चेकला हो म्हणाला की एनजिनएक्स तिकडे वळवायचं, मग जुना बंद. चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट झाली. (हेच काम कमल नावाचं टूल करतं, ३७सिग्नल्सने बनवलेलं, साध्या सर्व्हरवर कंटेनर टाकायला. तेव्हा ते धड बघितलं नाही, आज सुरुवात केली असती तर आधी तेच बघितलं असतं.)

सेलरीने वेगळाच त्रास दिला. प्रत्येक डिप्लॉयनंतर एखाद-दुसरा रिपोर्ट अर्धवट राहायचा, लॉगमध्ये एक्झिट कोड १३७. १२८ अधिक ९, म्हणजे किल-नाइन (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) खाऊन मेला. मला वाटलं मेमरी, दोन दिवस मेमरी बघत बसलो. खरं कारण म्हणजे कंटेनर सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत सेलरीच्या आधी एक्झेक हा शब्द नव्हता. त्यामुळे पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, होती शेल, थांबायचा सिगनल तिला मिळायचा, ती तो पुढे पोचवायची नाही, डॉकर दहा सेकंद वाट बघायचं आणि मग सगळ्यांना उडवायचं. एक शब्द टाकला, थांबण्याची मुदत दोन मिनिटं केली, प्रश्न मिटला.

बाकीचं पटकन सांगतो. कंटेनरमधली वेळ यूटीसी (जागतिक वेळ), त्यामुळे रात्रीचं काम भलत्याच वेळी. डॉकरचा डीफॉल्ट लॉग ड्रायव्हर लॉग कापत नाही, वाढवतच नेतो, दोन महिन्यांत डिस्क भरली (वहीतली "भरलेली डिस्क" परत आली, नव्या कपड्यांत). जुन्या इमेज साचतात, त्यांना झाडू मारावा लागतो. आणि ज्याला डॉकर ग्रुपमध्ये घातलं त्याला रूटच (सर्व्हरची पूर्ण सत्ता) दिलं समजा.

पोस्टग्रेसला आम्ही हात लावला नाही आणि हा निर्णय अजिबात बदलणार नाही. बॅकअप नीट चाललेत, मशीन एकच, कंटेनरमध्ये घालून मिळणार काय? उलट इमेजचा टॅग सैल ठेवला आणि मेजर व्हर्जन बदललं की नवीन पोस्टग्रेस जुनी डेटा डिरेक्टरी बघून उभंच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे डेबियनवाल्या इमेजवरून अल्पाइनवाल्या इमेजवर तीच डेटा डिरेक्टरी नेली तर अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलतात आणि टेक्स्टवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होऊ शकतात, एररसुद्धा येत नाही. लॅपटॉपवर खुशाल कंटेनरमध्ये चालवा, सर्व्हरवर कारण असल्याशिवाय नको.

एवढी रडगाणी वाचून वाटेल की मग परत का नाही फिरलात. परत न फिरण्याचं कारण आठ महिन्यांनी मिळालं, जेव्हा सर्व्हरच बदलावा लागला. आधीचा सर्व्हर उभा करायला मला दोन-तीन दिवस लागले होते आणि तरी तो हाताने टाकलेला पीडीएफवाला पॅकेज विसरला जायचा तो जायचाच. या वेळी नवीन मशीनवर डॉकर टाकलं, पोस्टग्रेसचा डंप आणला, एनजिनएक्सची कॉन्फिग ठेवली, इमेज ओढली, दुपारच्या आत ॲप चालू, आणि मुख्य म्हणजे खालची उबंटू २४.०४ झालीय हे ॲपला कळलंही नाही. ज्या गोष्टीने पहाटे साडेचारपर्यंत जागवलं होतं ती यावेळी घडलीच नाही. रोलबॅकही तसाच, प्रत्येक इमेजला कमिटचा हॅश टॅग म्हणून लावतो, मागे जायचं तर जुना टॅग द्यायचा, अर्ध्या मिनिटात. मायग्रेशन झालेलं असेल तर डेटाबेस अर्थातच मागे जात नाही, तिथे इमेज बिचारी काही करू शकत नाही.

एक खर्च मात्र आम्ही मोजलाच नव्हता. होस्टवर सिक्युरिटी अपडेट आपोआप लागतात, पण ते इमेजच्या आत शिरत नाहीत. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला पॅच आला तर होस्टचं ठीक होतं, ॲप मात्र इमेजमधलं जुनंच वापरत राहतं, कोणीतरी परत बिल्ड करेपर्यंत. आम्हाला हे चार महिन्यांनी लक्षात आलं, चार महिने जुनी बेस इमेज चालवत होतो. आता सीआय दर आठवड्याला कॅश न वापरता नव्याने बांधतं. म्हणजे सर्व्हरच्या पोटातलं ओझं नाहीसं झालं नाही, ते उचलून बिल्डमध्ये ठेवलं. फरक एवढाच की बिल्डमध्ये ते गिटमध्ये दिसतं, कोणी काय बदललं ते सापडतं, आणि मोडलं तर दिवसा मोडतं, डिप्लॉयच्या आधी.

मध्ये एकदा कुबरनेटीसचीही हवा आली होती, फ्रंटएंडवाल्याने एक व्हिडिओ बघितला होता. ती चर्चा दहा मिनिटांत संपली. कुबरनेटीसचा जीव आहे अनेक मशीनवर काम वाटणं, एखादं मशीन मेलं तर तिथलं काम दुसरीकडे उठवणं. आमच्याकडे मशीन एक. दुसरीकडे म्हणजे कुठे? क्यूबएडीएमच्या (कुबरनेटीस बसवायचं साधन) कागदपत्रांत मशीनमागे किमान २ जीबी रॅम सांगितलीय आणि आमच्याकडे एकूण ४. अर्धी रॅम आपण ॲप सांभाळणाऱ्याला द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात ॲप कोंबायचं, हे ऐकून त्यालाच हसू आलं.

लॅपटॉपवरची गोष्ट अर्धीमुर्धी राहिली. नवीन माणसाला सुरुवात करायला पूर्वी दोन दिवस जायचे, आता काही तास, हे खरं. पण मॅकवर डॉकर म्हणजे आत लिनक्सचं व्हर्चुअल मशीन, फाइल बदलली की ती आत पोचायला वेळ, फ्रंटएंडवाला वैतागला आणि डॉकरचा सगळ्यात मोठा भक्तच आता लॅपटॉपवर ॲप कंटेनरबाहेर चालवतो, फक्त पोस्टग्रेस आणि रेडिस आत. आम्ही त्याला यावरून अजून चिडवतो.

गेल्या महिन्यात एक नवीन छोटी सर्व्हिस आली, बाहेरून येणारे वेबहुक (दुसऱ्या सर्व्हिसेसकडून आपोआप येणारे संदेश) घ्यायचे, तपासायचे आणि रांगेत टाकायचे, एवढंच. गो या भाषेत लिहिली, बिल्ड केल्यावर एकच बायनरी (थेट चालणारी फाइल), बाहेरची कुठली लायब्ररी लागत नाही. फ्रंटएंडवाला सवयीने डॉकरफाइल उघडून बसला होता. बॅकएंडवालीने ती जुनी वही काढली आणि विचारलं, हिच्या खाली असं काय आहे जे गाठोड्यात बांधायचंय? काहीच नव्हतं. बायनरी एका फोल्डरमध्ये कॉपी केली, सिस्टिमडीची चौदा ओळींची युनिट फाइल लिहिली, त्यात मेमरीमॅक्स टाकलं, आणि कंटेनरमधल्या ॲपच्या शेजारी ती उघड्यावरच चालतेय.